मराठवाड्यातील नोकरभरती व मुलकी प्रश्न

हैदराबाद संस्थानच्या काळापासून मराठवाड्यात, विशेषतः आजच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या प्रदेशात, सरकारी नोकरीसाठी माणसे निवडताना लावल्या गेलेल्या कसोट्यांचा इतिहास. या कसोट्या दोन प्रकारच्या होत्या. जन्म, वास्तव्य, शिक्षण व परीक्षा या लेखी कसोट्या नियमांच्या पुस्तकात सापडतात. घराणे, बोली, पोशाख, आडनाव आणि एकूण दिसणे-वागणे या अलिखित कसोट्या पुस्तकात नसल्या, तरी निवडीत त्यांचे वजन बहुधा अधिकच असे. राजवटी बदलल्या तसे लेखी नियम पुष्कळ वेळा बदलले. अलिखित कसोट्यांचे तसे झाले नाही. त्यांनी रूप तेवढे पालटले.

नांदेड हा संस्थानातील जुना जिल्हा आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा झाला. संस्थानी काळात लातूर व औसा हे भाग उस्मानाबाद जिल्ह्यात, तर उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. त्यामुळे या प्रदेशातील उमेदवाराचा मार्ग तहसील कचेरीपासून अव्वल तालुकदारापर्यंत आणि तेथून हैदराबाद शहरापर्यंत जाई. पुण्या-मुंबईकडे तो वळत नसे.

‘उमेदवार’ या शब्दाचा जुना अर्थच येथे बोलका आहे. उमेदवार म्हणजे नोकरीच्या आशेने कचेरीत पगाराविना राबणारा तरुण. जागा रिकामी होईपर्यंत तो नकला करी, बस्ते बांधी, वरिष्ठांची मर्जी सांभाळी. या काळात त्याचे पोट कोणी तरी भरावे लागे. ज्याच्या घरी दोन-तीन वर्षे बिनपगारी मुलगा पोसण्याची ऐपत होती, त्यालाच उमेदवारी परवडे. भूमिहीन अथवा अल्पभूधारक कुटुंबातील मुलगा कितीही हुशार असला, तरी त्याची परीक्षा घेण्याची वेळच येत नसे. ‘शिफारस’ हा दुसरा शब्दही त्याच फार्सी दफ्तरातून मराठीत आला. दरबारच्या सेवेत पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या घरातील मुलाला ‘खानाजाद’ म्हणजे घरचाच मानीत आणि त्याच्या बाबतीत शिफारशीची वेगळी गरज उरत नसे.

सर सालारजंग (पहिले) यांच्या दिवाणगिरीत (१८५३–८३) राज्यकारभाराची नवी घडी बसली. १८६५ मध्ये जिल्हे व तालुके यांची पद्धतशीर रचना झाली आणि पगारी नोकरवर्ग निर्माण झाला. देशमुख-देशपांड्यांकडील वसुलीची कामे गेली व त्यांना त्याबद्दल ‘रसूम’ मिळू लागला. गावपातळीवर मात्र पाटील-पटवारी वंशपरंपरेने राहिले. नव्या खात्यांसाठी अनुभवी माणसे हवी होती. ती सालारजंगांनी उत्तर हिंदुस्थानातून आणली. सय्यद हुसेन बिलग्रामी, मेहदी अली (मोहसिनुल्मुल्क), मुश्ताक हुसेन (विकारुल्मुल्क), चिराग अली ही त्यांतील प्रसिद्ध नावे. ही मंडळी कर्तबगार होती याबद्दल दुमत नाही. परंतु त्यांच्यामागून त्यांचे आप्त व परिचितही आले, आणि स्थानिक खानदानी वर्गाला आपल्या जागा हातच्या गेल्याची जाणीव झाली. मुलकी (संस्थानातील) व गैरमुलकी (बाहेरचे) हा वाद येथे सुरू झाला. तो मूलतः हैदराबाद शहरातील दोन सुशिक्षित वरिष्ठ वर्गांमधील वाद होता. नांदेडच्या शेतकऱ्याचा मुलगा त्यात कोणत्याच बाजूला नव्हता.

सरकारदरबारची भाषा आधी फार्सी होती. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. १९३१ च्या शिरगणतीप्रमाणे संस्थानात तेलुगू बोलणारे शेकडा सु. ४८, मराठी बोलणारे सु. २६, कन्नड बोलणारे सु. ११ व उर्दू बोलणारे सु. १० होते. म्हणजे दहापैकी नऊ प्रजाजनांना आपल्या भाषेत सरकारी नोकरी मिळण्याची शक्यता नव्हती. मराठवाड्यात पटवाऱ्याचे दफ्तर मराठीत व तहसिलीचा कागद उर्दूत, अशी दुहेरी व्यवस्था होती. या दोन भाषांच्या मधोमध उभा राहू शकणारा माणूस गावात महत्त्वाचा ठरे. मराठी ब्राह्मण व कायस्थ घराण्यांतील अनेकांनी उर्दू-फार्सी आत्मसात करून हे स्थान मिळविले, म्हणून धर्म हीच एकमेव कसोटी होती असे म्हणणे अचूक नाही. वरिष्ठ जागांवर मुसलमानांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने पुष्कळच अधिक होते हे खरे. पण औसा किंवा कंधार येथील विणकर, कसाई वा शेतमजूर मुसलमानाला त्या जागांचा तेवढाच दुरावा होता. त्याची दखनी बोली दरबारच्या उर्दूत खपत नसे.

भाषेइतकाच पोशाखही पात्रतेचा भाग होता. दरबारात हजर होताना दस्तार (विशिष्ट घाटाची पगडी) व बगलूस (कंबरपट्टा) आवश्यक असे, आणि नजर पेश करावी लागे. कचेरीत शेरवानी व रुमी टोपी हा सरकारी माणसाचा वेश रूढ झाला. तो हिंदू व मुसलमान दोघेही घालीत, आणि हैदराबादी सभ्यतेचा अभिमान बाळगणारे त्याला धर्मातीत मानीत. धोतर नेसलेला, डोक्याला मुंडासे बांधलेला माणूस कचेरीच्या दाराशी उभा राहिला की तो फिर्यादी अथवा रयत, अशी समजूत होई. तो उमेदवार असेल असे कोणाच्या मनात येत नसे. शेरवानी शिवून घेणे हा किरकोळ खर्चही नव्हता. वेश हा ज्याला परवडतो त्याच्यासाठी शिष्टाचार असतो. ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी ती प्रवेशाची अट होते.

लष्करी भरतीत रूप व शरीरयष्टी यांना उघडच प्राधान्य होते. निजामाच्या अनियमित फौजेत अरब, रोहिले व शीख यांची पथके त्यांच्या ‘लढाऊ’ ख्यातीवर ठेवली जात. चंदुलाल कारभारी असताना १८३२ च्या सुमारास महाराजा रणजितसिंगांकडून शीख शिपाई दक्षिणेत आले. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाराची इमारतही रणजितसिंगांच्या साहाय्याने याच दशकात उभी राहिली. त्या शिपायांचे वंशज दखनी शीख म्हणून नांदेड-हैदराबाद भागात स्थायिक झाले. केस, दाढी व पगडी ही त्यांची धार्मिक चिन्हे संस्थानच्या दृष्टीने नोकरीची पात्रताही ठरली. याच्या उलट अनुभव महारांचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात त्यांनी दीर्घकाळ सेवा केली होती. पण लॉर्ड रॉबर्ट्‌सप्रभृतींनी पुरस्कारिलेल्या ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धांतामुळे १८९२ च्या सुमारास त्यांची भरती थांबली. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. भरती पुन्हा सुरू होण्यास दोन महायुद्धांची निकड लागली. महार रेजिमेंटची उभारणी १९४१ ची. मराठवाड्यात हिंगोली व मोमिनाबाद (अंबाजोगाई) येथे हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. १९०३ मध्ये हे दल ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाल्यावर तेथेही याच विचारसरणीचा अंमल सुरू झाला.

मुलकी-गैरमुलकी वादाला निश्चित कायदेशीर रूप आले ते १९१९ च्या मुलकी नियमांनी. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानानुसार केलेल्या या नियमांप्रमाणे निजामाच्या खास मंजुरीवाचून कोणत्याही वरिष्ठ वा कनिष्ठ जागेवर गैरमुलकी व्यक्तीची नेमणूक करता येत नसे. मुलकी कोण, याची चार उत्तरे होती : जन्माने संस्थानची प्रजा असलेला, ज्याच्या जन्माच्या वेळी वडील सरकारी नोकरीत असून त्यांची पंधरा वर्षे पूर्ण झाली होती असा, पंधरा वर्षे कायम वास्तव्य करून मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र देणारा, आणि मुलकी व्यक्तीची पत्नी. यांतील दुसरे उत्तर लक्षात घेण्याजोगे आहे. उत्तरेकडून आलेल्या अधिकाऱ्यांची मुले त्यामुळे आपोआप मुलकी झाली. ज्यांच्याविरुद्ध नियम मागितला गेला, त्यांचीच पुढची पिढी त्याच्या संरक्षणाखाली आली.

नियमांनी भूमिपुत्राला संरक्षण दिले, पण कोणत्या भूमिपुत्राला, हा प्रश्न अनुत्तरित ठेवला. देगलूरचा कुणबी आणि हैदराबादचा नवाबजादा कायद्याच्या दृष्टीने सारखेच मुलकी होते. निवड मात्र उर्दू, पदवी व शिफारस यांच्या बळावर होई. १९३५ च्या सुमारास ‘हैदराबाद हैदराबादकरांसाठी’ अशी घोषणा करणारी निजाम प्रजा संघटना स्थापन झाली. तिच्यात हिंदू व मुसलमान दोन्ही होते, परंतु तिचे नेतृत्व शहरी व उर्दूशिक्षित होते. मराठी भाषकांची स्वतंत्र संघटना, महाराष्ट्र परिषद, १९३७ मध्ये परतूर येथे भरली व तिची पुढील अधिवेशने लातूर, उमरी इ. ठिकाणी झाली. मातृभाषेतून शिक्षण ही तिची मागणी वरवर शैक्षणिक दिसते. प्रत्यक्षात ती नोकरीच्या दाराविषयीचीही मागणी होती.

शिक्षणाची स्थिती या मागणीचे कारण स्पष्ट करते. उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो हिंदुस्थानातील पहिला मोठा प्रयोग. त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण ती देशी भाषा मराठवाड्याची नव्हती. या विभागात पुढे औरंगाबादला इंटरमीजिएट महाविद्यालय निघाले. पदवीसाठी हैदराबादला जावे लागे. नांदेड १९०० पासून गोदावरी खोरे लोहमार्गावर होते. लातूरला बार्शी लाईट रेल्वे १९११ मध्ये पोहोचली, पण तिचे तोंड पश्चिमेला, ब्रिटिश मुलखाकडे होते. माल बार्शीकडे जाई व मुलगा हैदराबादला. मराठी मुलांसाठी अंबाजोगाईची योगेश्वरी (१९१७) व हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (१९२१) या संस्था खाजगी प्रयत्नांतून उभ्या राहिल्या. त्यांतून शिकलेल्याला संस्थानी नोकरीची फारशी आशा नसे. त्यांतून स्वातंत्र्यसैनिक मात्र घडले.

उस्मानियात शेरवानी हा विद्यार्थ्याचा रूढ वेश होता. १९३८ च्या अखेरीस वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली तेव्हा विद्यार्थ्यांनी संप केला आणि शेकडो विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढण्यात आले. नागपूर विद्यापीठाने कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळात त्यांना प्रवेश दिला. या प्रसंगाचा राष्ट्रीय आंदोलनाच्या अंगाने पुष्कळ उल्लेख होतो. त्याची दुसरी बाजू अशी, की हे सर्व विद्यार्थी उद्याचे उमेदवार होते. उस्मानियाचे दार बंद होणे म्हणजे संस्थानच्या नोकरीचे दार बंद होणे होय.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारच्या पोलीस कारवाईने संस्थान भारतात विलीन झाले व चिन्हांचा अर्थ आठवड्याभरात उलटला. आदल्या वर्षी रझाकारांच्या अत्याचारांत हिंदू गावे होरपळली होती. कारवाईनंतर मुसलमानांवर सूड घेतला गेला. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड यांची नोंद केली. आजच्या लातूर जिल्ह्याचा बहुतेक प्रदेश यांतील दोन जिल्ह्यांत येतो. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. शेरवानी व रुमी टोपी काल अधिकाराची खूण होती, ती आज जिवावर बेतणारी ठरली आणि कचेऱ्यांतून दिसेनाशी झाली. अनेक मुसलमान नोकरांना कमी करण्यात आले. त्यांत अत्याचाराशी संबंध नसलेले शिपाई व कारकूनही होते. मुंबई, मद्रास व मध्य प्रांत येथून अधिकारी आणण्यात आले. कारभार उर्दूतून इंग्रजीकडे व पुढे प्रादेशिक भाषांकडे वळला. याचा फटका एका अनपेक्षित वर्गालाही बसला. कष्टाने उर्दू शिकून नोकरीयोग्य झालेले मराठी तरुण नव्या व्यवस्थेत अर्धशिक्षित ठरले.

बाहेरून आलेल्यांविरुद्ध १९५२ मध्ये वरंगळ व हैदराबाद येथे मुलकी आंदोलन पेटले. बनावट मुलकी दाखले ही त्यातील मुख्य तक्रार होती. सप्टेंबरमध्ये हैदराबादेत पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. मराठवाडा या आंदोलनात तेलंगणाइतका उतरला नाही. त्याचे लक्ष भाषावार प्रांतरचनेकडे लागले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. किनवटचा भाग आदिलाबादमधून नांदेडला जोडला गेला, तर मुधोळ तालुका नांदेडमधून तिकडे गेला. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने नोकरीत वास्तव्यावरून भेद करण्यास मनाई केली होती व त्याला अपवाद करण्याचा अधिकार फक्त संसदेला दिला होता. संसदेने १९५७ च्या अधिनियमाने वास्तव्याच्या अटी रद्द केल्या आणि तेलंगणासाठी काही काळ अपवाद ठेवला. मराठवाड्याला तो लागू नव्हता. तेलंगणात हा प्रश्न १९६९ व १९७२ च्या न्यायालयीन निर्णयांतून आणि आंदोलनांतून धगधगत राहिला. मराठवाड्यात तो दुसऱ्या नावाने पुढे आला.

हे दुसरे नाव ‘अनुशेष’. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात महाविदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांना सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे मान्य झाले होते. संविधानाच्या ३७१ (२) अनुच्छेदात मात्र ‘पुरेशी संधी’ एवढेच शब्द आले, तेही राज्याच्या एकूण गरजांच्या अधीन राहून. प्रमाण गेले आणि पुरेसेपणा उरला. पुरेसे किती, हे मोजता येत नाही. विलीनीकरणानंतरच्या ज्येष्ठता-याद्यांत संस्थानी नोकरांच्या जागा मुंबई राज्यातील जागांशी जुळविताना वर्षानुवर्षे तंटे चालले. नव्या वरिष्ठांच्या नजरेत मराठवाड्याचा माणूस त्याच्या बोलीवरून ओळखू येई. मराठीत उर्दू शब्द मिसळून बोलणारा कारकून, ज्याच्या बापाला उर्दूत मराठी मिसळल्याबद्दल हसले गेले होते, तो आता पुणेरी मराठीपुढे गावंढळ ठरला.

उच्च शिक्षणाच्या सोयी या काळात वाढल्या. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय व नांदेडला पीपल्स कॉलेज ही दोन्ही १९५० मधील; मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये, लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये व राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये निघाले. पदवीधर वाढले, त्या मानाने जागा वाढल्या नाहीत. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात स्थानिकांना नोकऱ्या ही मागणी अग्रभागी होती; परभणी व वसमत ही त्याची प्रमुख केंद्रे. प्रदेशाच्या हक्कासाठी एकत्र आलेला तरुणवर्ग चार वर्षांत दुभंगला. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत होताच मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यात ते विशेष तीव्र होते. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची हत्या तेथलीच. नाव हे निमित्त होते. राखीव जागांमुळे शिक्षक, तलाठी वा कारकून झालेला दलित, त्याचे इस्त्रीचे कपडे व त्याचे पक्के घर ही त्यामागची खरी सल होती. जो वेश एका वर्गात पात्रतेचे लक्षण मानला जाई, तोच दुसऱ्याच्या अंगावर उद्धटपणा दिसू लागला. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला व त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ स्थापन झाले.

सरकारी भरतीत लेखी परीक्षेचे महत्त्व वाढले तशी दिसण्याची कसोटी मुलाखतीपुरती आक्रसली. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये अशोक कुमार यादव प्रकरणात मुलाखतीच्या अतिरिक्त गुणांवर मर्यादा सुचविली. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ जागांसाठी मुलाखतच रद्द केली. पोलीस भरतीत उंची-छातीचे मोजमाप आहे (पुरुषांसाठी उंची १६५ सेंमी.). मोजपट्टीने ठरलेल्या निर्णयाविरुद्ध निदान फेरमोजणी मागता येते. ‘व्यक्तिमत्त्व ठीक वाटले नाही’ या शेऱ्याविरुद्ध काय मागावे?

खाजगी क्षेत्रात हा प्रश्न जवळजवळ अस्पर्शित आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९५८ च्या १११ क्रमांकाच्या करारात ‘रंग’ हा भेदभावाचा निषिद्ध आधार म्हणून नोंदला आहे व भारताने त्यास १९६० मध्ये मान्यता दिली. फ्रान्सने २००१ मध्ये ‘शारीरिक रूप’ हा आधारही आपल्या कायद्यात घातला. भारताच्या संविधानातील सोळावा अनुच्छेद राज्याच्या नोकऱ्यांपुरता आहे व त्यात रूपाचा उल्लेख नाही. मिलिंद महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी असलेले अर्थतज्ञ सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृत्तपत्रांतील जाहिरातींना समान पात्रतेचे, पण भिन्न आडनावांचे अर्ज पाठविले. दलित व मुसलमान नावांच्या अर्जांना बोलावणी लक्षणीय कमी आली. उमेदवाराचा चेहरा पाहण्यापूर्वीच निवड झाली होती.

आरक्षणामुळे ओळख ही कागदावर सिद्ध करण्याची गोष्ट झाली आणि सीमाभागात तिचे विचित्र परिणाम दिसले. एकाच संस्थानात राहिलेला बंजारा समाज १९५६ नंतर तीन राज्यांत विभागला. तो तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती व महाराष्ट्रात विमुक्त जाती गणला जातो. किनवटच्या बंजाऱ्याचे आदिलाबादच्या तांड्यात राहणारे सोयरे वेगळ्या यादीतून नोकरीला अर्ज करतात. नांदेड भागात मन्नेरवारलू, महादेव कोळी इ. जमातींच्या दाखल्यांचे वाद दीर्घकाळ चालत आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली. तीत कुलदैवत, विवाहविधी, अंत्यविधी व चालीरीती यांवरून जमातीशी ‘आप्तभाव’ तपासला जाऊ लागला. शहरात वाढलेल्या, आजीच्या चालीरीती न पाहिलेल्या मुलाला जमातीसारखा ‘दिसत’ नाही म्हणून नोकरी गमवावी लागण्याचा धोका यातून निर्माण झाला. २०२३ मध्ये न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ही तपासणी प्रत्येक प्रकरणात अंतिम कसोटी मानता येणार नाही, असे स्पष्ट केले.

त्याच वर्षी मराठवाड्यातील मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे दाखले देण्याची कार्यपद्धती ठरविली. या शोधासाठी महसूल दफ्तरातील निजामकालीन उर्दू व मोडी कागद पुन्हा उघडले गेले. पटवाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी रयतेच्या नावापुढे लिहिलेला एखादा शब्द आज तिच्या पणतवाच्या नोकरीच्या अर्जाला जोडला जातो. तो वाचण्यासाठी उर्दू जाणणारी माणसे नांदेड व लातूरच्या कचेऱ्यांना शोधावी लागली.